नाव झाकलं तरी चालेल, पण मीठ कोणाचं खाल्लंय ते सांगा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलाची मुंज होती, रावपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये, आणि केटरर ठरवताना ताईनं मला फोनसुद्धा केला नाही, सरळ माझं लिखाण उघडलं आणि त्यात मी ज्याचं कौतुक केलं होतं त्यालाच अडीचशे पानांची ऑर्डर देऊन टाकली. मी बडोद्यातल्या खाण्यापिण्याबद्दल आणि जुन्या वस्त्यांबद्दल गेली नऊ वर्षं टोपणनावानं लिहिते, ते टोपणनाव कोणाचं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिला वाटलं आता विचारायचं काय राहिलं. मुंजीच्या दिवशी मसालेभात चिकट, श्रीखंड आंबट, आणि दुसरी पंगत बसेपर्यंत अळूची भाजी संपलेली. रात्री आवराआवर झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू जेवलीस तेव्हा पैसे दिले होतेस का गं?"

नव्हते दिले. त्यानं आम्हा बारा जणांना बोलावून 'ट्रायल' म्हणून जेवायला घातलं होतं आणि मी ते कुठे लिहिलंच नव्हतं. चवीबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता, त्या दिवशी जेवण खरंच उत्तम होतं, पण समोर कोण जेवतंय हे त्याला ठाऊक असताना ते उत्तम असणारच ना. माझ्या वाचणाऱ्यांना हे कळायला हवं होतं आणि मी ते कळू दिलं नाही. ताई चिडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत एका ओळखीच्यांकडे येणारी जळगावची एक मुलगी, इथे शिकायला आलीये, होस्टेलवर राहते. तिला होस्टेलच्या मेसबद्दल लिहायचंय, नीट, रोजच्या ताटाचे फोटो लावून. मला म्हणाली, "काकू, स्वतःच्या नावानं लिहू की टोपणनावानं? नाव टाकलं तर खोली जाईल, नाही टाकलं तर लोक म्हणतील भित्री आहे, नाहीतर म्हणतील समोरच्या मेसवाल्यानं पैसे दिलेत." तिचा प्रश्न एका वाक्याचा, पण उत्तर काही एका वाक्यात बसत नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एक गाठ सोडवू. 'तू कोण?' आणि 'तुझं यात काय आहे?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते कायम एकत्र गुंडाळतो. ताईला माझं नाव, गाव, गोत्र सगळं ठाऊक होतं, तरी ती फसली, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दाबून ठेवलं होतं. उलट एखाद्यानं नाव अजिबात सांगितलं नाही पण "मी याच खात्यात दहा वर्षं नोकरी करतो आणि माझं प्रमोशन अडकलंय" एवढं सांगितलं, तर वाचणारा आपलं आपण ठरवू शकतो की याचं किती मानायचं. माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं की नाही हा लिहिणाऱ्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं उत्तर मात्र वाचणाऱ्याचा हक्क आहे.

शब्दांचाही घोळ आहे. निनावी म्हणजे ज्याला नावच नाही, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखं, उद्या तोच माणूस दुसरा कागद चिकटवेल तर तो तोच आहे हे कळायला मार्ग नाही. टोपणनाव म्हणजे खरं नाव नव्हे पण एक नाव आहेच, ते वर्षानुवर्षं चालतं, त्याला पत असते, ते खोटं बोललं तर त्याची पत जाते. आणि तिसरा प्रकार गोपनीय, म्हणजे नाव कोणाला तरी माहीत आहे, त्यानं ते सांभाळायचं कबूल केलंय, बाकी जगाला माहीत नाही. बहुतेक भांडणं या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

या बाबतीत आमच्या बडोद्याचंच एक उदाहरण आहे, आणि ते माझ्या फार आवडीचं आहे. दांडिया बाजारात श्री अरविंद निवास आहे, बडोद्याचा माणूस येता-जाता बघतोच. अरविंद घोष १८९३ च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, नुकतेच विलायतेहून आलेले, वय जेमतेम वीस-एकवीस. केंब्रिजमधले त्यांचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा मुंबईच्या 'इंदुप्रकाश'चं संपादन बघत होते, हा पेपर इंग्रजी-मराठी असा दुभाषी होता. देशपांड्यांनी लिही म्हटलं आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून अरविंदांनी काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर अशी काही लेखमाला सुरू केली की पहिल्या दोन लेखांतच खळबळ उडाली. लेखांवर नाव नव्हतं. सयाजीरावांच्या पगारावर असलेल्या माणसानं ब्रिटिश राजवटीबद्दल आणि काँग्रेसबद्दल असं उघड नावानं लिहायचं म्हणजे संस्थानलाही त्रास आणि नोकरीही धोक्यात.

आता पुढे काय झालं ते बघा. न्यायमूर्ती रानड्यांनी पेपरच्या मालकाला बजावलं की हे असंच चाललं तर राजद्रोहाचा खटला होईल. बजावलं कोणाला तर मालकाला, कारण मालक माहीत होता, पत्ता माहीत होता, त्याला जाऊन भेटता येत होतं. मग देशपांड्यांनी अरविंदांना सूर सौम्य करायला सांगितलं, अरविंदांचा त्यातला रस गेला, लेख लांबलांबच्या अंतरानं येत राहिले आणि १८९४ च्या मार्चमध्ये बंद पडले. लेखक पडद्याआड होता, तरी मजकुराची जबाबदारी घेणारा कोणीतरी समोर उभा होता. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्या मराठीत टोपणनावानं लिहायची परंपरा जुनी आहे आणि तिचाही सांधा असाच आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, १८४८ पासून त्यांनी 'लोकहितवादी' या नावानं 'प्रभाकर'मध्ये पत्रं लिहिली, स्वतःच्याच समाजाचे इतके वाभाडे काढले की आजही वाचताना दचकायला होतं, आणि ती छापायची जोखीम भाऊ महाजनांनी संपादक म्हणून उचलली. १८९७ साली टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला झाला, त्यातल्या मजकुरात टोपणनावानं छापलेली एक कविताही होती, पण अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती 'केसरी'वाल्या टिळकांना. जबाबदार कोण हे कळावं म्हणूनच १८६७ च्या छापखान्याच्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव बंधनकारक केलं होतं, पुढे त्यात वर्तमानपत्रावर संपादकाचं नावही आलं, हा कायदा दीडशेहून जास्त वर्षं चालला आणि २०२४ च्या मार्चमध्ये नवा कायदा आला. पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात ती ओळ असते ना, मुद्रक-प्रकाशक अमुक, मालक तमुक, लहानपणी वाटायचं कोण वाचतं ही ओळ. ज्याला कोर्टात जायचं असतं तो वाचतो.

याची एक कडू बाजूही अरविंदांच्याच आयुष्यात आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते १९०६ साली बडोदं सोडून कलकत्त्याला गेले, 'वंदे मातरम्' या इंग्रजी दैनिकात लिहू लागले, तिथेही लेखांवर नाव नसायचं. १९०७ मध्ये खटला भरला गेला, पण संपादक अरविंदच आहेत हे सरकारला सिद्ध करता आलं नाही. बिपिनचंद्र पालांनी साक्ष द्यायला नकार दिला, त्याबद्दल त्यांना सहा महिने कैद झाली. अरविंद सुटले आणि पेपर छापणारा मुद्रक तुरुंगात गेला. ती लढाई देशाची होती आणि सगळे जाणूनबुजून उतरले होते, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. पण मी जेव्हा जेव्हा नावाशिवाय काही लिहायला बसते तेव्हा मला तो मुद्रक आठवतो. मी नाव झाकलंय तर माझ्याऐवजी कोण अडकणार आहे? मेसबद्दल लिहिणाऱ्या मुलीच्या बाबतीत उत्तर सोपं होतं, तिची रूममेट. फोटोत मागे रूममेटची लाल बाटली दिसत होती.

आता इंटरनेटवर झालंय काय, तर लेखक तोच, संपादक तोच, मुद्रकही तोच. भाऊ महाजन नाहीत, देशपांडे नाहीत, छापण्याआधी "हे कशावरून?" असं विचारणारं कोणी नाही आणि छापल्यावर कोणाकडे जाऊन तक्रार करायची हेही नाही. हे स्वातंत्र्य फार मोठं आहे, मी त्याचाच फायदा घेऊन लिहिते, पण मग संपादकाचं जे काम होतं ते आपणच स्वतःवर घ्यायला नको का? म्हणजे टोपणनाव असलं तरी एक चालू ईमेल पत्ता द्यायचा जिथे माणूस तक्रार करू शकेल आणि त्याला उत्तर मिळेल, चूक निघाली तर गुपचूप ओळ बदलायची नाही, वरतीच तारीख घालून लिहायचं की आधी असं लिहिलं होतं, ते चूक होतं, आता असं आहे. ज्याच्याबद्दल वाईट लिहिलंय त्याला आधी विचारायचं, त्याचं उत्तर आलं तर जागा द्यायची. आणि एकच नाव वापरायचं. तीन-चार नावं घेऊन स्वतःच्याच लिखाणाखाली स्वतःच वाहवा करणारे लोक मी पाहिलेत, आणि माझ्या मते ते फुकट जेवण्यापेक्षाही वाईट आहे, कारण तिथे आख्खी गर्दीच खोटी असते.

नाव का झाकू द्यावं हे ज्यांना पटत नाही त्यांना मी सत्येंद्र दुबेंबद्दल सांगते. आयआयटी कानपूरमधून शिकलेले इंजिनियर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, सुवर्ण चतुर्भुज रस्त्याच्या कामावर झारखंडात कोडर्म्याला होते. कामातली लूट बघून २००२ साली त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राची रचना बघण्यासारखी आहे. पत्रावर सही नाही, पण निनावी पत्राला कोणी किंमत देत नाही हे माहीत असल्यामुळे त्यांनी स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. म्हणजे मी वर म्हटलं तो तिसरा प्रकार, गोपनीय. त्यांनी त्यांच्या बाजूनं सगळं बरोबर केलं होतं. आणि ते पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेला त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सीबीआयच्या तपासात ती लुटीच्या प्रयत्नात झालेली हत्या ठरली आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली, तो कोर्टाचा निकाल आहे. पण जो विश्वास टाकून माणसानं नाव दिलं होतं तो विश्वास त्याआधीच मोडला होता.

देशभर संताप झाला आणि २००४ साली सरकारनं एक ठराव काढला, त्यानुसार अशा तक्रारी घ्यायचं काम केंद्रीय दक्षता आयोगाला दिलं. बंद पाकीट, पाकिटावर तक्रारदाराचं नाव नाही, आत मात्र नाव आणि पत्ता पाहिजे, आयोग ते नाव उघड करत नाही. निनावी किंवा टोपणनावाची तक्रार या योजनेत चालतच नाही. म्हणजे सरकारनंही हाच फरक धरलाय, जगापासून नाव लपव पण आम्हाला सांग. यावर २०१४ साली संसदेनं कायदाही केला, पण नंतर वर्षानुवर्षं तो लागूच केला गेला नाही. मग माणूस टोपणनाव घेऊन इंटरनेटवर लिहितो तर नवल काय.

सरकारी नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम ९ आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या नावानं, निनावी, टोपणनावानं किंवा दुसऱ्या कोणाच्या नावानंही सरकारच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. तेव्हा 'टोपणनावानं लिहिलं की नियम लागू नाही' हा समज चुकीचा आहे, पकडलं गेलं तर कारवाई होऊ शकते. निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लिखाणाला वेगळी मोकळीक आहे. कविता लिहा, रेल्वेच्या धोरणावर लिहिताना विचार करून लिहा.

बरं, आता उलट बाजू. २०११ मध्ये सिरियात उठाव सुरू असताना दमास्कसमधली एक समलिंगी तरुणी इंग्रजीत लिहायची, अमिना असं नाव, अरब जगातली हिंमतवान मुलगी म्हणून जगभरच्या पेपरांनी तिला डोक्यावर घेतलं. जूनमध्ये तिच्या 'चुलतबहिणीनं' लिहिलं की अमिनाला हत्यारबंद लोकांनी उचलून नेलं. लोक हळहळले, सोडवण्यासाठी मोहिमा निघाल्या, सिरियातल्या खऱ्या कार्यकर्त्यांनी जीव धोक्यात घालून चौकशा केल्या. आठवड्याभरात उघड झालं की अमिना नावाचं कोणी नाहीच, ते सगळं टॉम मॅकमास्टर हा चाळिशीचा अमेरिकन, एडिंबरा विद्यापीठात शिकणारा विवाहित पुरुष लिहीत होता, आणि फोटो वापरले होते ते लंडनमधल्या भलत्याच एका बाईचे. त्यानं म्हटलं की प्रसंग काल्पनिक असले तरी परिस्थिती खरी आहे. मला हे स्पष्टीकरण कधीच पटलं नाही. त्यानं नाव झाकलं असतं आणि "मी बाहेरून बघतोय" म्हटलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. त्यानं 'माझं यात काय आहे' याचंच खोटं उत्तर दिलं, की हा जीव माझा आहे, ही भीती माझी आहे. त्याचं नुकसान ज्यांची भीती खरी होती त्यांना झालं, कारण पुढच्या वेळी त्यांचं कोण खरं मानणार.

निनावी मजकुराचा त्रास आम्ही बडोदेकरांनी अगदी घरात पाणी शिरेपर्यंत भोगलाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा खऱ्या बातम्यांइतकेच बिननावाचे मेसेज फिरत होते, आजवा धरणाचं पाणी सोडलं, अमुक पूल खचला, तमुक गल्लीत मगर, आणि मगरी खरंच वस्तीत येत होत्या त्यामुळे काय खरं काय खोटं कळेना. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या आजोबांना अशाच एका मेसेजमुळे रात्री दोनला जिना चढवून वर आणलं, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तो मेसेज खोटा निघाला. त्याच रात्री एक माणूस टोपणनावानं पण दर तासाला पुलावरचा आकडा फोटोसकट टाकत होता, शेवटी लिहायचा "मी स्वतः पाहिलं, वेळ अमुक". त्याचं नाव मला आजही माहीत नाही. पण त्याच्यावर आमच्या आख्ख्या गल्लीनं भरवसा ठेवला. स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं सांगितलं तरी किती फरक पडतो.

पैशांकडे येते, कारण रोजच्या जगण्यात फसवणूक जास्त तिथेच होते. भारतात यासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था, अ‍ॅस्की, तिची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली १४ जून २०२१ पासून आहे. तिचं सार असं की जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला शोधावं लागता कामा नये, मजकुरात पहिल्या दोन ओळींत दिसलं पाहिजे, हॅशटॅगच्या ढिगात पुरायचं नाही. व्हिडिओ पंधरा सेकंदांपर्यंतचा असेल तर ते लेबल निदान तीन सेकंद दिसायला हवं, पंधरा सेकंदांहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि दोन मिनिटं किंवा त्याहून मोठा असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तेवढा सगळा वेळ.

दुसरी गोष्ट सरकारी आहे आणि तिला दात आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात केली तर केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदी. नीट शहानिशा करून शिफारस केली असेल तर सुटका आहे. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्यानं सोप्या भाषेत एक मार्गदर्शिका काढली, त्यात 'हितसंबंध' म्हणजे काय याची यादी आहे, आणि ती वाचून मला माझ्या त्या बारा पानांचा पुन्हा चटका बसला. नुसता पैसाच नाही, फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलात राहणं, वस्तूच्या बदल्यात वस्तू, पुरस्कार, आणि घरचं किंवा नोकरीचं नातंसुद्धा त्यात येतं. म्हणजे आतेभावाच्या सेव-उसळीच्या गाडीबद्दल मी प्रेमानं लिहिलं, एक रुपया घेतला नाही, तरी "हा माझा आतेभाऊ" हे सांगायला पाहिजे. लोक म्हणतात सांगितलं की विश्वास उडतो. माझा अनुभव उलटा आहे. बडोद्यात सेव-उसळीवरून घरोघरी भांडणं होतात, तिखट तर्री कोणाची चांगली यावर लोक तास तास बोलतात, तिथे "हा माझा भाऊ, पण तर्री खरंच खाऊन बघा" म्हटलं तर लोक हसत हसत जातात आणि खाऊन येतात. आणि मराठीत लिहिताय तर मराठीतच लिहा की 'ही जाहिरात आहे', 'जेवण फुकट होतं', आईला कळेल अशा शब्दांत.

आता टोपणनावामागे आपण खरंच किती लपलेलो असतो? मला त्या जळगावच्या मुलीला हे सांगावंच लागलं, कारण तिला वाटत होतं नवीन ईमेल काढला की झालं. शेजारच्यांपासून आणि मेसवाल्यापासून लपता येतं, कायद्यापासून फारसं नाही. प्रत्येक कनेक्शनला एक आयपी पत्ता असतो, तो कोणत्या वेळी कोणाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते, सिम आपल्या ओळखपत्रावर घेतलेलं असतं आणि खातं उघडताना ओटीपी त्याच सिमवर येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इननं, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितल्या, आणि व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी पत्ता झाकणारी सेवा देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ लपलेली असू शकते, बरीच अ‍ॅप्स ती काढून टाकतात पण मूळ फाइल कोणाला पाठवली तर तशीच जाते.

सगळ्यात मोठा फितूर म्हणजे आपली भाषा. आमच्या घरात गच्चीला अगाशी म्हणतात, झोपाळ्याला हिंचका म्हणतात, चार ओळी वाचून पुण्याचा माणूस सांगेल की ही बडोद्याची. मला माझ्या जुन्या शिक्षकांनी असंच ओळखलं होतं, दुसऱ्याच लेखात.

आणि कोर्ट आपली झाकली मूठ झाकलेलीच ठेवेल असंही नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरचा एक पोलीस अधिकारी 'नाइट जॅक' नावानं रोजच्या पोलिसी कामाबद्दल लिहायचा, २००९ मध्ये त्याच्या लिखाणाला ऑर्वेल पुरस्कार मिळाला, दोनच महिन्यांत 'द टाइम्स'नं त्याला हुडकलं. तो कोर्टात गेला, कोर्ट म्हणालं असं लिहिणं ही मुळात सार्वजनिक गोष्ट आहे, नाव छापू नका असं आम्ही सांगणार नाही. नाव छापलं गेलं, त्याचं लिखाण बंद पडलं, खात्याकडून लेखी समज मिळाली. तीन वर्षांनी निष्पन्न झालं की वार्ताहरानं त्याचा ईमेल चोरून उघडला होता, आणि पेपरनं साडेबेचाळीस हजार पौंड भरपाई दिली. पैसे मिळाले, लिखाण काही परत आलं नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०१५ मध्ये ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिल्याबद्दल गुन्हा लावणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, ही दोन मोठी कवचं आहेत, पण बदनामीचा फौजदारी गुन्हा कायम आहे, आधी कलम ४९९-५०० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. तिथे 'खरं होतं' एवढंच पुरत नाही, खरं आणि लोकहिताचं असावं लागतं. आणि नाव लपवून कोणाला धमकी दिली तर नाव लपवल्याबद्दल शिक्षा वाढते, कमी होत नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती बोलून टाकते. स्वतःचं नाव झाकायचं आणि दुसऱ्याचं नाव-गाव-फोटो सगळं मांडायचं. आमचे काका म्हणतात, "नावं ठेवायची तर नाव सांगा." मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, दुबेंची गोष्ट माहीत असल्यावर होता येत नाही, पण त्यात तथ्य आहे. कंत्राटदाराबद्दल, अधिकाऱ्याबद्दल, सत्तेतल्या माणसाबद्दल टोपणनावानं लिहिणं वेगळं. घरकाम करणाऱ्या बाईबद्दल, शेजारच्या सुनेबद्दल, शाळेतल्या मुलाबद्दल, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असलेल्या माणसाबद्दल लिहिणं वेगळं, त्यांना उत्तर द्यायला ना जागा ना ताकद. पोलीस-कोर्टाच्या प्रकरणात आलेल्या लहान मुलांची आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं तर सरळ गुन्हाच आहे, नाव न घेता गल्ली आणि शाळा सांगितली तरी. आपण जितके लपलेले, तितका दुसऱ्याचं नाव घेताना पुरावा जास्त हवा, मी स्वतःपुरता हा हिशोब ठेवलाय.

केटररच्या त्या लेखाचं सांगायचं राहिलं. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यावर सगळ्यात वर लिहिलं, तारीख घालून, की हे जेवण आम्हाला फुकट मिळालं होतं, बारा माणसं होतो, आणि त्यानंतर पैसे देऊन मागवलेल्या जेवणाचा अनुभव असा आला. लेख काढून टाकला नाही. मग बसून जुने सगळे लेख उघडले, एकूण सात ठिकाणी अशी ओळ घालावी लागली, एका मिठाईच्या दुकानाबद्दल घालताना फार जड गेलं कारण ते लोक खरंच चांगले आहेत. ताईनं ती ओळ वाचली की नाही मी विचारलं नाही. पण परवा तिनं फोन करून विचारलं, लग्नाचं बघतोय, कोणाला सांगू?

जळगावच्या मुलीनं टोपणनावच घेतलं. पहिल्या लेखाची पहिली ओळ तिनं अशी लिहिली, "मी याच होस्टेलमध्ये राहते, याच मेसचे पैसे भरते, आणि दुसऱ्या कुठल्या मेसशी माझा संबंध नाही." रूममेटची बाटली दिसणारे फोटो काढून टाकले, रूममेटला आधी दाखवून. मेसच्या पत्त्यावर मजकूर पाठवून चार दिवस थांबली. मेसवाल्यानं उत्तर दिलं, रागावूनच दिलं, ते तिनं काटछाट न करता छापलं, आणि त्यातली एक दुरुस्ती बरोबर होती म्हणून तारखेसकट मान्य केली. मंगळवारच्या ताटात वाटाणे नव्हते, चवळी होती.